सापाला कोंडा चालत नाही

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं आपण म्हणतो. पोटात आग पडली की समोर येईल ते गोड लागतं, हा माणसांचा अनुभव, आणि तोच हिशेब आपण घरात आणलेल्या जनावरालाही लावतो. नवं मांजर दोन दिवस पलंगाखाली दडून बसतं आणि तिसऱ्या दिवशी वाटीपाशी येतं. कुत्र्याचं पिल्लू तर पहिल्याच रात्री दूधभाकरीवर तुटून पडतं. साप या म्हणीला जुमानत नाही. नव्या जागी आणलेलं सापाचं पिल्लू समोर ठेवलेल्या उंदराकडे, बेडकाकडे, पालीकडे ढुंकूनही बघत नाही. आठवडा जातो, पंधरवडा जातो आणि घरातली माणसं हवालदिल होतात. मग कोणी जबडा उघडून घास कोंबायचा सल्ला देतो, कोणी दुधाची वाटी आणून ठेवतो, कोणी रोज नवं काहीतरी समोर टाकतो. या सगळ्या खटपटीच्या मुळाशी एकच समज असतो: पिल्लू खात नाही, म्हणजे त्याच्या खाण्यात काहीतरी बिघडलं. बहुतेक वेळा बिघाड असतो तो जागेत. ऊब, आडोसा आणि वास या तीन गोष्टी जुळल्याशिवाय सापाच्या अंगात भूक जागीच होत नाही. त्यामुळे त्याचा उपास हा आपण दिलेल्या घराबद्दल त्यानं नोंदवलेला अभिप्राय समजावा.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न दोन वाटांनी घरात शिरतो. पहिली वाट नेहमीची. पहिले चांगले पाऊस झाले, पेरण्या उरकल्या की सापांची पिल्लं बाहेर पडू लागतात. गोठ्यात, कुटाराच्या ढिगात, न्हाणीच्या मोरीत, रचून ठेवलेल्या विटांमध्ये दिवडाचं वीतभर किंवा धामणीचं हातभर पिल्लू निघतं. पूर्वी त्याच्या डोक्यात काठी बसायची. आता गावोगावी सर्पमित्र आहेत, तरुण मुलांच्या मनातली भीती कमी झाली आहे, ही चांगलीच गोष्ट. पण याच कौतुकापोटी ते पिल्लू झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत जातं आणि चार दिवस ‘बघायला’ म्हणून फळीवर राहतं. दुसरी वाट शहरातून येते. पुण्या-मुंबईत शिकणारा किंवा नोकरी करणारा मुलगा बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक विकत घेतो आणि सुटीत किंवा कायमचा गावी येताना काचेच्या पेटीसह घेऊन येतो. बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटेखानी अजगर, कॉर्न स्नेक हा अमेरिकेतला उंदीरखाऊ बिनविषारी साप. दोन्ही वाटांनी आलेली पिल्लं उपास धरतात, आणि त्यांच्या उपासाची कारणंही पुष्कळशी सारखी असतात. कायद्याच्या दृष्टीनं मात्र दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ते अंतर आधीच सांगून टाकलेलं बरं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा साप पकडून घरात ठेवता येत नाही. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणंही येतं, त्यामुळे बरणीतलं पिल्लू जिवंत आहे ही सबब तिथं चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, धामण आणि दिवड ही अगदी रोज दिसणारी जनावरंसुद्धा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला जाऊन बसली आहेत. परदेशी सापांचं वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या यादीतल्या प्रजाती त्याच दुरुस्तीनं चौथ्या अनुसूचीत घातल्या आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी बंधनकारक केली. बॉल पायथन या यादीत आहे. म्हणजे ‘घरात पाळलेला साप’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे कायद्यानं फक्त परदेशी सापाला लागू पडतो, तोही कागदपत्रं चोख असतील तर. धामणीच्या पिल्लाला काय खाऊ घालावं, या प्रश्नाला कायद्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: सोडा. पुढे दिसेल की जीवशास्त्राचंही उत्तर तेच निघतं.

साप इतके दिवस न खाता राहतो कसा, हे आधी समजून घेतलं तर निम्मी घबराट कमी होते. आपण जे खातो त्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात खर्च होतो. साप हा खर्च करतच नाही, तो ऊब बाहेरून घेतो. त्यामुळे त्याच्या शरीराची चूल सदोदित पेटलेली नसते. १९९० च्या दशकात अमेरिकेत स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड या शास्त्रज्ञांनी ब्रह्मदेशी अजगरांवर केलेल्या अभ्यासात या चुलीचं चित्र स्पष्ट झालं. उपाशी अजगराचं आतडं आक्रसून बसलेलं असतं. मोठं भक्ष्य पोटात गेलं की एक-दोन दिवसांत लहान आतड्याचं वजन जवळजवळ दुप्पट होतं, यकृत आणि मूत्रपिंडं वाढतात, आणि शरीरातला इंधनाचा खर्च विश्रांतीच्या तुलनेत ४४ पटींपर्यंत चढतो. जेवण पचलं की हा सगळा पसारा पुन्हा आवरला जातो. लग्नघरात कार्यापुरता मांडव घालावा, आचारी बोलवावेत, आणि कार्य उरकलं की बांबूसुद्धा परत पाठवावेत, तसा हा कारभार. कायम चालणारी खानावळ सापाला परवडतच नाही. आता यातला मुद्दा लक्षात घ्या: मांडव घालायचाच खर्च एवढा मोठा, तर कार्य पार पडेल याची खात्री नसताना तो घालायचा कशाला? अनोळखी जागी, अंगाला पुरेशी ऊब नसताना भक्ष्य गिळणं हा सापासाठी जुगार असतो. थंडीत पचन मंदावतं, भक्ष्य पोटातच कुजू लागतं आणि ते ओकून टाकावं लागतं. पोट भरलेला साप जड होतो, त्याला धड पळता येत नाही. म्हणून न खाणं हा सापाचा सावधपणा ठरतो, आणि तो त्याला परवडतोही. मार्शल मॅक्यू यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन जातींच्या सापांना सुमारे सहा महिने काहीही खायला दिलं नव्हतं. त्यात बॉल पायथनही होता. या सापांनी आपला इंधनाचा खर्च ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला आणि त्या काळात त्यांची लांबी थोडी वाढलीसुद्धा.

आता जागेकडे वळू, आणि जागेत पहिली ऊब. बुलढाणेकरांना हे समजावायला फार शब्द लागू नयेत, कारण या जिल्ह्यात हवामानाचे दोन संसार आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पट्ट्यात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकरकडे हिवाळ्याच्या रात्री तो दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. काचेच्या पेटीतल्या सापाला यातलं काहीच सोसवत नाही. त्याला पेटीच्या एका टोकाला तीस अंशांच्या आसपास ऊब हवी आणि दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या जवळपास गारवा. या दोन टोकांमध्ये सरकत सरकत तो आपल्या अंगाचं तापमान स्वतः राखतो. शेतात साप हेच करतो: सकाळी धुऱ्यावरच्या दगडावर, दुपारी उंदराच्या बिळात, संध्याकाळी तापलेल्या मातीवर. बरणीला टोकंच नसतात. तिच्यात सगळीकडे एकच तापमान, तेही फळीवर ठेवली की एक आणि खिडकीत ठेवली की दुसरं. मे महिन्यात घाटाखालच्या पत्र्याच्या खोलीत बंद बरणीतला साप काही तासांत मरू शकतो, आणि डिसेंबरात चिखलीच्या गार फरशीवर ठेवलेल्या पेटीतलं पिल्लू महिनाभर तोंड उघडणार नाही. अशा वेळी उंदीर बदलून पाहणाऱ्यानं आधी पेटीच्या दोन्ही टोकांना थर्मामीटर लावून पाहावं. ऊब देणारी चटई लावली असेल तर तिला तापमान रोखणारं यंत्र जोडावं, कारण सापाच्या पोटाची कातडी भाजेपर्यंत तो तिथून हलत नाही, असंही घडतं. भारनियमनाच्या रात्री काय करायचं, याचा विचारही साप घेण्याआधीच झालेला बरा.

दुसरी गोष्ट आडोसा. पिल्लू म्हणजे सगळ्यांचं खाद्य. बगळा, खंड्या, मुंगूस, मांजर, कोंबडी, शिवाय दुसरा साप, हे सगळे त्याच्या मागावर असतात. म्हणून ज्या पिल्लाला दडता येत नाही, त्याच्या लेखी ते कोणाच्या तरी नजरेत आहे, आणि नजरेत असलेला कोणी जेवायला बसत नाही. आपण पेटी जितकी मोकळी, चकचकीत, चारी बाजूंनी काचेची करतो तितकी ती पिल्लाला भयाण वाटते. हौशी माणसाला हे पटायला जड जातं, कारण त्यानं साप बघण्यासाठी आणलेला असतो. पण कडा अंगाला लागतील अशी अरुंद पेटी, अंगाला घासेल इतकं बुटकं लपण, गरम टोकाला एक आणि गार टोकाला एक, तीन बाजूंना कागद लावून झाकलेली काच, पाण्याचं भांडं, आणि पाच-सात दिवस पूर्ण शांतता एवढं केलं तरी पुष्कळ पिल्लं आपणहून जेवायला तयार होतात. हे पाच-सात दिवस सर्वांत अवघड, पिल्लासाठी नव्हे, घरातल्यांसाठी. शेजारची मुलं बघायला येतात, मोबाईलवर फोटो निघतात, हातावर घेऊन ‘सवय’ लावली जाते. साप माणसाळतो या समजुतीचा इथं मोठा घोळ आहे. हाताळल्यावर पिल्लू शांत राहिलं तर ते रुळलं असं आपण मानतो, पण तेच पिल्लू रात्री खात नसेल तर त्याचा जीव अजून थाऱ्यावर आलेला नाही. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळसर होतात, त्या दिवसांतही साप सहसा खात नाही. नुकतंच जन्मलेलं पिल्लू तर पहिली कात टाकेपर्यंत, साधारण आठवडा-दहा दिवस, पोटात उरलेल्या बलकावरच भागवतं. त्याला पहिल्याच दिवशी बेडूक दाखवणं म्हणजे बारशाच्या आधी पुरणपोळी वाढणं.

तिसरी गोष्ट वास, आणि इथं सापाचं जग आपल्यापेक्षा फारच निराळं आहे. साप जीभ बाहेर काढतो ती डंख मारायला नव्हे. हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण जिभेच्या दोन टोकांवर गोळा करून तो टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवतो. समोरची वस्तू अन्न आहे की नाही हे बरंचसं तिथं ठरतं. गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या गार्टर सापांच्या नवजात, कधीच काही न खाल्लेल्या पिल्लांवर एक साधा प्रयोग केला. वेगवेगळ्या प्राण्यांच्या अंगाचा अर्क कापसाच्या बोळ्याला लावून तो पिल्लांपुढे धरला. पिल्लांनी कापसावरच झडप घातली, पण सगळ्या अर्कांवर सारखी नव्हे. ज्या जातीचं नैसर्गिक खाद्य जे, त्याच्या वासाला त्या जातीच्या पिल्लांचा प्रतिसाद जोरदार होता. म्हणजे अन्नाची ओळख आईनं शिकवलेली नसते, ती पिल्लं जन्मतःच घेऊन येतात. पुढे स्टीव्हन आर्नोल्ड यांनी याहून मजेशीर गोष्ट दाखवली. कॅलिफोर्नियात एकाच जातीचे गार्टर साप किनाऱ्यालगत राहतात आणि आत डोंगराळ भागातही. किनाऱ्याकडे गोगलगायीसारखे, पण कवच नसलेले शंबुक मुबलक, आतल्या भागात ते नाहीत. दोन्हीकडच्या गाभण माद्या प्रयोगशाळेत आणून, जन्मलेली पिल्लं वेगवेगळी ठेवून त्यांना तेच शंबुक देऊ केले. किनाऱ्याकडच्या पिल्लांतल्या बहुतेकांनी ते खाल्ले, आतल्या भागातल्या बहुतेकांनी तोंड फिरवलं. जात एक, अन्न एक, पेटी एक, फक्त आजोळ वेगळं. एवढ्या बारीक फरकानं जिथं ताट नाकारलं जातं, तिथं ‘साप आहे, उंदीर खाईलच’ हे गृहीत किती ढोबळ आहे ते उघड होतं.

आपल्याकडच्या सापांचा मेनू पाहिला तर हे आणखी पटतं. नानेटी बेडकांवर जगते. दिवडाला मासे आणि बेडूक लागतात. कवड्या भिंतीवर चढून पाली धरतो. मण्यार मुख्यतः दुसरे साप खाते. आंधळ्या गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्या-वाळवीच्या अंड्या-अळ्यांवर राहतो. त्याच्यापुढे उंदीर ठेवणं म्हणजे चिमणीपुढे नारळ ठेवणं. धामण आणि तस्कर मोठेपणी उंदीर खातात, पण त्यांचं बोटाएवढ्या जाडीचं पिल्लू उंदराचं काय करणार? त्याच्या नशिबी पावसाळ्यात डबक्यातून बाहेर पडणारी नखाएवढी बेडकं आणि सरड्यांची पिल्लं असतात. त्याच सुमारास धामणीची अंडी फुटतात, हा योगायोग मानता येत नाही. आणि या सगळ्यांवर कडी करतो तो अंडीखाऊ साप. १८६३ साली रंगपूरहून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. नंतर इतकी वर्षं तो क्वचितच कोणाला दिसला. महाराष्ट्रातली त्याची पहिली नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली, ती आपल्या विदर्भातल्या वर्ध्याची. याचा आहार पक्ष्यांची अंडी. दात जवळजवळ नावापुरते. अंडं अख्खं गिळायचं, घशाच्या मागच्या मणक्यांच्या टोकांनी आतल्या आत फोडायचं आणि रस पोटात उतरला की कवचाचा चेंदा बाहेर टाकायचा. असा साप कोणी चुकून तस्कर समजून बरणीत घातला आणि त्यापुढे उंदीर, पाल, बेडूक जे जे टाकलं, त्यातलं एकही त्याच्या लेखी अन्न नाही. महिनाभर टाका, नाही म्हणजे नाही.

परदेशी पाळीव सापाच्या बाबतीत वासाचं हे शास्त्र उपयोगी पडतं. पश्चिम आफ्रिकेत लहान बॉल पायथन बऱ्याच अंशी पक्ष्यांची पिल्लं खातात आणि मोठे झाल्यावर उंदरांकडे वळतात. त्यामुळे पांढरा प्रयोगशाळेतला उंदीर नाकारणाऱ्या पिल्लासाठी जाणकार पाळणारे त्या उंदराला कोंबडीच्या पिल्लाच्या पिसांचा वास लावून पाहतात. पाली-सरडे खाणाऱ्या पिल्लांसाठी पालीच्या कातेचा वास लावतात. ही युक्ती चालते, पण शेवटी, ऊब आणि आडोसा जुळल्यावर. पेटी गार असेल तर वासाचा काही उपयोग नाही. जुळलं की काय होतं ते बघण्यासारखं असतं. संध्याकाळी दिवे मंद केलेले. गोठवलेला उंदीर आधी फ्रीजमध्ये सुटा होऊ दिलेला, मग कोमट पाण्यात अंगाएवढा गरम केलेला, पुसून लांब चिमट्यात धरलेला. लपणाच्या तोंडाशी तो थोडा हलतो. जीभ एकदा बाहेर येते, सावकाश. मग दुसऱ्यांदा, मग भराभर. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, त्यामुळे उंदीर पुरेसा गरम नसेल तर इथंच खेळ संपतो. गरम असेल तर मानेला इंग्रजी एस अक्षराचा बाक येतो आणि पापणी लवायच्या आत झडप बसते. दोन वेढे पडतात, ते बराच वेळ सुटत नाहीत, कारण उंदीर मेलेला आहे हे वेढ्याला माहीत नसतं. नंतर वेढा ढिला होतो, जीभ भक्ष्याचं डोकं शोधते, आणि जबड्याच्या दोन बाजू आळीपाळीनं, एक पाय पुढे टाकून दुसरा ओढावा तशा, पुढे सरकतात. गिळून झालं की दोन-तीन मोठ्या जांभया, जबडा जागेवर. यानंतर निदान दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. जिवंत उंदीर पेटीत सोडण्याची हौस अनेकांना असते. साप भुकेला नसला तर तोच उंदीर सापाला कुरतडतो, डोळा फोडतो. आणि गावच्या गोदामातला उंदीर तर नकोच, त्यानं आदल्या रात्री शेतातलं उंदराचं औषध खाल्लेलं नाही याची हमी कोण देणार?

इथं पहिला आक्षेप येतो. मॅक्यूचे साप सहा महिने टिकले असतील. वीतभर पिल्लाला सहा महिने कसे निघतील? आक्षेप खरा आहे. पिल्लाची शिदोरी लहान असते आणि त्याचं गणित महिन्यांत न मांडता आठवड्यांत मांडावं लागतं. म्हणून निर्धास्त राहून चालणार नाही, मोजमाप हवं. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा इथं कामाचा. आठवड्यातून एकदा कापडी पिशवीसकट वजन करायचं, पिशवीचं वजा करायचं आणि तारखेसह वहीत लिहायचं. वजन टिकून आहे किंवा थोडंसंच उतरलं आहे तोवर घाईचं कारण नाही. एक दशांशाच्या पुढे घसरलं, पाठीचा कणा उठून दिसू लागला, तोंडाला फेस किंवा पू आला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर मात्र तो उपास आजाराचा आहे, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडेच जायचं. बळजबरीनं घास कोंबणं हा त्या वैद्याच्या हातचा शेवटचा उपाय आहे. घरच्या घरी तो करणाऱ्यानं तीन धोके लक्षात ठेवावेत: पिल्लाचा जबडा नाजूक असतो, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागेच उघडतं, आणि भीतीनं कोंबलेला घास बहुधा परत बाहेर पडतो, तेव्हा आधीच आटलेली शिदोरी आणखी आटते. एवढं करूनही पेटी गारच राहिली असेल, तर पुढचा घासही कोंबावाच लागतो.

दुसरा आक्षेप नागपंचमीला डोळ्यांनी पाहिलेला: साप दूध पितो, आम्ही पाहिलंय. पितो, हे खरं. पण तो दूध म्हणून पीत नाही, पाणी म्हणून पितो. गारुडी साप पकडून आधी कित्येक दिवस त्याला पाण्यावाचून ठेवतात. घसा कोरडा पडलेल्या जनावरापुढे जे पातळ येईल त्यात ते तोंड घालतं. दूध पचवण्याची सोय सस्तन प्राण्यांच्या पिल्लांना असते. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या सापाच्या कोणत्याच पूर्वजानं कधी आईचं दूध पाहिलेलं नाही. शिराळ्याच्या जिवंत नागपूजेवर उच्च न्यायालयाच्या आदेशानं बंदी आली तेव्हा श्रद्धेवर घाला म्हणून बरीच ओरड झाली. पण या श्रद्धेतलं दूध आणि बरणीपुढे ठेवलेली दुधाची वाटी एकाच समजातून येतात, की साप हा आपल्यासारखाच भुकेला जीव आहे आणि आपल्या हातचं खाऊन तो तृप्त होईल. तहान मात्र खरी असते. खात नसलेल्या पिल्लापुढे स्वच्छ पाण्याचं उथळ भांडं कायम हवं, आणि दुधाच्या वाटीची काहीच गरज नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परदेशांत हजारो लोक साप पाळतात, ते साप नियमित खातात, पिल्लं देतात, वीस-वीस वर्षं जगतात. मग बंदिवासात साप खात नाही हे सरसकट कसं म्हणता? सरसकट म्हणायचं कारणच नाही. पण कोणते साप जगतात ते बघा. बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक लोकप्रिय झाले ते पिंजऱ्यात जन्मलेल्या, गोठवलेला उंदीर स्वीकारणाऱ्या पिढ्या तयार झाल्या म्हणून. ज्यांनी स्वीकारला नाही त्यांची पिल्लं पुढे आलीच नाहीत. रानातून पकडून निर्यात झालेले बॉल पायथन उपासासाठी पाळणाऱ्यांत कुप्रसिद्ध होते, ते याच कारणानं. म्हणजे हे यश माणसाच्या हातचं खाणाऱ्या वंशाचं आहे, आणि तेही ऊब, आडोसा, वास यांचा हिशेब चुकवून मिळालेलं नाही. बुलढाण्याच्या मोरीत सापडलेल्या दिवडाच्या मागे असा वंश उभा नाही. त्याच्या मागे आहेत ती पैनगंगेच्या काठची हजारो वर्षं आणि तिथले बेडूक.

चौथा आक्षेप सर्पमित्रांकडून येतो आणि तो आदरानं ऐकायला हवा, कारण त्यांच्यामुळे कित्येक सापांचा आणि माणसांचाही जीव वाचला आहे. ते म्हणतात, शाळेत दाखवण्यासाठी, लोकांची भीती घालवण्यासाठी चार दिवस साप जवळ ठेवला तर काय बिघडलं? उपाशी तर तो महिनाभर राहू शकतो, हे तुम्हीच सांगितलं. माझ्याच युक्तिवादाची धार माझ्यावर उलटवली, हे मान्य. पण उपास झेपतो तो निवांत सापाला, कारण त्याचं अंग तेव्हा शांत असतं. बरणी रोज उघडली जाते, हातोहात फिरते, दुचाकीवर हिंदकळते तेव्हा शिदोरी वाचत नाही, जळते. मोठ्या धामणीला यातून निभावता येईल, दोन आठवड्यांच्या पिल्लाला नाही. शिवाय त्याचा बेडकांचा हंगाम मोजून दोन-तीन महिन्यांचा. त्यातले आठ-दहा दिवस फळीवर गेले तर ते परत मिळत नाहीत. सोडण्याच्या जागेचाही प्रश्न आहे. साप पकडला चिखलीत आणि जंगल म्हणून ज्ञानगंगा अभयारण्यात नेऊन सोडला, की आपण त्याला घरी पोचवलं असं वाटतं. प्रत्यक्षात ते आणखी एक नवं घर असतं. अमेरिकेत दूरवर हलवलेल्या रॅटलस्नेक सापांवर रेडिओ ट्रान्समीटर लावून केलेल्या अभ्यासात दिसलं की असे साप जागच्या सापांपेक्षा कितीतरी जास्त भटकतात आणि जास्त मरतात. कर्नाटकात आगुंबे इथं हलवलेल्या नागराजावर नजर ठेवली तेव्हाही तो असाच लांबवर भरकटताना दिसला. बिळं कुठं, पाणी कुठं, ऊन कुठं, मुंगसाची वाट कुठली, हे सगळं त्याला कोऱ्या पाटीवर लिहायला लागतं.

मांडुळाचं उदाहरण इथं टाळता येत नाही. दोन तोंडांचा, गुप्तधन दाखवणारा, असाध्य रोग बरे करणारा अशा अफवांमुळे हा निरुपद्रवी साप महाराष्ट्रभर चोरून विकला जातो आणि त्याचा भाव वजनावर ठरतो. वजन वाढवायचं म्हणून बंद ट्रंकेतल्या, अंधाऱ्या खोलीतल्या मांडुळापुढे उंदरांमागून उंदीर टाकले जातात. मांडूळ हा भुसभुशीत मातीत अंग पुरून राहणारा साप. मातीचा दाब अंगावर नसेल तर त्याला आडोसा मिळाला असं वाटतच नाही. गिऱ्हाईक शोधता शोधता आठवडे जातात, साप वाळत जातो, आणि लाखांच्या गोष्टी करणाऱ्यांच्या हाती शेवटी एक मेलेलं जनावर आणि वनखात्याचा गुन्हा एवढंच उरतं.

तेव्हा कुटारात निघालेल्या पिल्लाचं करायचं काय? विषारी-बिनविषारीची खात्री नसेल तर हात लावायचा नाही. घोणशीचं पिल्लूही जन्मतः विष घेऊनच येतं आणि घोणस एका वेळी वीस-चाळीस पिल्लं घालते, तेव्हा एक दिसलं तर आसपास आणखी असतील हे धरून चालायचं. ओळखीच्या सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. पकडलेलं पिल्लू कापडी पिशवीत, सावलीत, आणि शक्य तर त्याच दिवशी संध्याकाळी, जिथं सापडलं तिथून शे-दोनशे पावलांच्या आत, धुऱ्यावरच्या दगडांशी किंवा नाल्याकाठच्या गवताशी. पिशवीचं तोंड जमिनीला टेकवून सैल करायचं आणि मागे सरायचं. पिल्लू लगेच बाहेर येत नाही. आधी जिभेची दोन टोकं दिसतात, मग थोडा वेळ काहीच नाही, मग ओल्या मातीचा वास घेत ते गवतात शिरतं. नाल्यात बेडकं ओरडत असतात.